खाडीचे पाणी चांगले, पण कशासाठी?

बोरघाट परिसरात उगम पावणाऱ्या उल्हास नदीचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळतो. खाडीकाठच्या कोळी बांधवांची मासेमारी आणि मिठागरे या पाण्यावर अवलंबून आहेत. हे पाणी चांगले आहे का, असा प्रश्न आपण सहज विचारतो. परंतु शास्त्र व कायदा आधी विचारतात : कशासाठी चांगले?

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांनुसार किनारी पाण्याचे वापरानुरूप पाच वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गात मिठागरे, शिंपल्या-कालवे वेचणे व मत्स्यसंवर्धन येते, दुसऱ्यात स्नान व व्यावसायिक मासेमारी, तिसऱ्यात कारखान्यांचे शीतकरण, चौथ्यात बंदर, पाचव्यात नौकानयन व नियंत्रित सांडपाणी-विसर्ग. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहिल्या वर्गात दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ४, तर पुढील वर्गांत ३ असावा लागतो. मैल्यातील जंतूंची मर्यादा दुसऱ्या वर्गात दर १०० मिलिलिटरला १००, तर बंदराच्या वर्गात ५०० आहे.

समजा, प्राणवायू ३.५ मिलिग्रॅम भरला. बंदर म्हणून तेच पाणी उत्तीर्ण होते, मासेमारीसाठी अनुत्तीर्ण! म्हणूनच जेथे अनेक वापर एकत्र असतात, तेथे सर्वांत शुद्ध पाण्याची अपेक्षा करणारा वापर प्रमाण मानावा, असे हे निकष सांगतात.

नदीमुखाची आणखी एक अडचण आहे. येथील पाणी प्रहरागणिक पालटते. भरतीला समुद्राचे पाणी शिरून घाण विरळ होते. ओहोटीला शहरांचे सांडपाणी उघडे पडते. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात तो सुमारे ७.५ मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२. यास्तव निकषांत संपृक्ततेची टक्केवारीही दिलेली असून, दोहोंपैकी जे मूल्य अधिक भरेल ते ग्राह्य धरले जाते. भरतीच्या वेळी घेतलेल्या एकाच नमुन्यावरून खाडीचा निवाडा करणे योग्य नव्हे.

तेव्हा पाण्याचा अहवाल हाती आला की तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात : कोणता वर्ग धरला, नमुना कोठे घेतला आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी. जनसुनावणीत मच्छीमार व मिठागर कामगार यांनी आपला वापर लेखी नोंदवावा. ज्या वापराची नोंदच होत नाही, त्याच्यासाठी मानक लावले जाण्याची शक्यता फार थोडी असते.