पोस्टकार्डाएवढं चित्र आणि संशोधनाचा प्रश्न

पीएचडीला येताना अनेकांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. माझ्याकडेही 'कासची रानफुलं' एवढंच होतं. त्यातून प्रश्न कसा मिळाला ते सांगते. थोडं श्रेय एका छोट्या पेस्टल चित्राला आहे.

साताऱ्याजवळचं कास पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा, त्यावर मातीचा पातळ थर. ऑगस्टअखेरपासून इथे सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी फुलतात. पहिल्या वर्षी मी शेकडो फोटो काढले, वहीत नावं आणि संख्या लिहिली. पुढे पठार सुकलं. दिवाळीत घरी गेल्यावर सीतेच्या आसवांचं चित्र काढायला बसले. सॉफ्ट पेस्टल आणि पोस्टकार्डाएवढा खरखरीत राखाडी कागद.

एवढ्याशा कागदावर पेस्टलने बारकावे निघत नाहीत. शिवाय कागद रंगाचे मोजकेच थर धरतो, मग रंग घसरतो किंवा मळतो. म्हणून काय ठेवायचं, काय सोडायचं हे आधीच ठरवावं लागतं. मी गडद जमिनीपासून सुरुवात केली आणि तिथेच अडले. फुलांखाली नेमकं काय होतं? ओली माती, गवत की खडकावर साचलेलं पाणी? फोटोंत निळसर जांभळं फूल स्पष्ट, बाकी सगळं धूसर. वहीत तर काहीच नाही.

आणि नेमकं तेच महत्त्वाचं होतं. सीतेची आसवं म्हणजे युट्रिक्युलेरिया, ही कीटकभक्षी वनस्पती. तिला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, त्यामुळे आतला दाब कमी होतो. सूक्ष्म जीवाचा तोंडाशी स्पर्श झाला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. निकस मातीत न मिळणारी पोषकद्रव्यं तिला अशी मिळतात. म्हणजे हा सापळा पाण्यावर चालतो, आणि मी पाणीच नोंदवलं नव्हतं! संख्या होत्या, पण त्या कशामुळे कमीजास्त होतात हे सांगता येईना. अख्खा हंगाम हातचा गेला. गाईडना सांगताना पोटात गोळा आला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "मग पुढच्या वर्षी काय मोजणार?"

पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक चौकटीत फुलांबरोबर पाण्याची खोलीही मोजली. आता प्रश्न असा आहे: खडकावर पाणी किती दिवस टिकतं, यावर फुलांची संख्या ठरते का? विषयापेक्षा हा फारच लहान आहे, पण याचं उत्तर शोधता येतं.

तुम्हीही फील्डवर जाल तेव्हा फोटोआधी वीस मिनिटं बसून एक छोटं चित्र काढा. फूल तोडू नका, झाडं तुडवू नका. चित्र वाईट आलं तरी चालेल. हात जिथे अडेल, ते वहीत लिहून ठेवा आणि उठायच्या आत तिथेच पुन्हा नीट बघून घ्या. घरी आल्यावर ते बघता येत नाही.