वाफेची वाट, लहरींची वाट

जुलैत रत्नागिरीच्या डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पाणी होऊन जमिनीवर पसरली, तर थर होईल जेमतेम 6 सेंटीमीटरचा. रेडिओ खगोलशास्त्राला तेवढाही फार. दर 1 मिलिमीटर पाण्याइतकी वाफ अवकाशातून येणाऱ्या लहरीची वाट सुमारे साडेसहा मिलिमीटरने लांबवते. सगळीकडे सारखीच लांबवली असती तर हरकत नव्हती. पण वाफेचे पुंजके वाऱ्याबरोबर सरकतात, दोन अँटेनांवर एकच लहर मागेपुढे पोहोचते आणि चित्र फिसकटतं.

या गोंधळाला गणितात बसवण्याची सुरुवात झाली 1941 मध्ये. मोठ्या भोवऱ्यांची ऊर्जा लहान भोवऱ्यांत कशी उतरते, हे रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी दाखवलं. तातारस्कींनी ते लहरींच्या प्रवासाला लावलं. 1971 साली केंब्रिजच्या हिंडर आणि राइल यांनी वातावरणामुळे दुर्बिणींच्या नजरेला किती मर्यादा पडते, ते तपासलं. अँटेना एकमेकींपासून जितक्या दूर, तितकी चूक मोठी. मात्र अंतर खळबळीच्या थराच्या जाडीपेक्षा वाढलं की चुकीची वाढ मंदावते.

गंमत अशी, की महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या रेडिओ दुर्बिणीला वाफेचा जाच फारसा झालाच नाही. रत्नागिरीहून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने जीएमआरटी उभी राहिली: 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, 25 किलोमीटरच्या परिसरात. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणातून सह्याद्री ओलांडून तिथेही पोहोचतात. पण या दुर्बिणीचं बहुतेक काम 21 सेंटीमीटर ते 2 मीटर लांबीच्या लहरींवर चालत आलं. मिलिमीटरांचा फरक तिथे किरकोळ. तिची खरी डोकेदुखी आणखी वर, आयनांबरात. तिथल्या अस्थिरतेची दिशागणिक दुरुस्ती करूनच ह्युब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी 150 मेगाहर्ट्झवरचं जीएमआरटीचं सर्वेक्षण 2017 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत आहेत.

वाफेशी थेट झुंज दिली ती चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने. ती 5000 मीटर उंचीवरच्या कोरड्या पठारावर आहे, तरीही 12 मीटरच्या अँटेनांवर 183 गिगाहर्ट्झची बाष्पमापकं बसवावी लागली. कारण उघड आहे: 1.3 मिलिमीटरच्या लहरीसाठी साडेसहा मिलिमीटर म्हणजे पाच पूर्ण लहरी. रत्नागिरीत अशी दुर्बीण कुणी मागणार नाही.

दक्षिण आफ्रिकेत आता एसकेए-मिड ही रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे. भारत या प्रकल्पाचा सदस्य आहे. तिची वरची मर्यादा साधारण 15 गिगाहर्ट्झ, म्हणजे 2 सेंटीमीटरची लहर. खोडदला बाजूला ठेवता आलेली वाफ तिथे हिशेबात धरावी लागेल.