गिऱ्हाइकाची वही आपल्या हाती: ऑनलाइन दुकान बांधायला शिकण्याविषयी

नांदेडच्या व्यापाऱ्याला परप्रांतीय गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. सचखंड एक्स्प्रेस ते थेट अमृतसरहून आणून सोडते. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले पंजाब, हरियाणा, दिल्लीकडचे भाविक दोन-तीन दिवस मुक्काम करतात, बाजार फिरतात, कापड-कुर्ता-चादर घेतात आणि परतीच्या गाडीत बसतात. माल पसंत पडला तर वर्षभराने तोच पुन्हा हवासा वाटतो. पण त्यांच्याजवळ दुकानाचा पत्ता नसतो आणि दुकानदाराजवळ त्यांचा नंबर नसतो. एकदा आलेले गिऱ्हाईक असे कायमचे हातचे जाते.

हे ओळखून आपल्यातील काही तरुणांनी मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन बाजारात माल लावला. त्यात गैर काही नाही. सुरुवातीला विक्रीही होते. मात्र तेथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. माल आपला, शिलाई आपली, पण गिऱ्हाईक कंपनीचे. त्याच्याशी पुढे परस्पर व्यवहार करण्यास मनाई असते. कमिशनचा दर ती ठरवते, परतीच्या मालाचा खर्चही तीच ठरवते. उद्या तिने खाते बंद केले तर पाच वर्षांच्या विक्रीतून आपल्याजवळ एकही नाव उरत नाही. ज्याच्या हाती गिऱ्हाइकाची वही, त्याच्या हाती धंदा, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नव्हते. म्हणून स्वतःचे ऑनलाइन दुकान, लहानसे का होईना, स्वतः बांधायला शिकावे, किंवा घरातील मुलामुलीने शिकावे, अशी आमची शिफारस आहे.

हे काम फार मोठ्या शिक्षणाचे आहे, हा समज पहिल्यांदा काढून टाकावा. लातूरच्या आणि नांदेडच्या शिकवण्यांत हजारो मुले डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी रात्रंदिवस घासत असतात. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांना घरचे लोक निकामी समजतात, हे आम्हाला अजिबात पटत नाही. दहावी-बारावी झालेला, रोज दीड-दोन तास बसण्याची तयारी असलेला मुलगा किंवा मुलगी पाच-सहा महिन्यांत कामापुरते दुकान बांधू शकते. आयटीआयमधील ‘कोपा’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम याच दिशेचा आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी कोर्स तर आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी मुलींनी केलेला आहे. पुढचे पाऊल तेवढे टाकायचे राहिले. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प पीएचपी आणि मायएसक्यूएल यांचे धडे मोफत देतो, आणि त्याचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून दाखवलेले आहेत.

दोन माणसांनी बसून लिहिलेले दुकान कुठवर जाते, याचा दाखला जुना नाही. 2007 च्या ऑक्टोबरात बंगळुरात सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी फ्लिपकार्ट सुरू केले तेव्हा ते फक्त पुस्तके विकत होते, आणि वेबसाइटचे काम त्यांनी स्वतःच केले होते. त्यांचा पहिला ग्राहक बंगळूरचा नव्हता, महबूबनगरचा होता. आपल्या नांदेडसारखाच एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेला तो जिल्हा. मागवलेले पुस्तक मिळवण्यासाठी दोघांना बरीच दुकाने पालथी घालावी लागली. पुढे 2018 साली वॉलमार्टने त्या कंपनीचा 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरना घेतला. आपल्याला तेवढे मोठे व्हायचे नाही. पण ऑनलाइन दुकानाचा गिऱ्हाईक मोठ्या शहरातलाच असतो असे नाही, आणि त्याला जे हवे ते बहुधा जवळ मिळत नसते, एवढे यातून घ्यावे.

आधी वही, मग दुकान

बहुतेक शिकणारे सुरुवात दुकानाच्या देखाव्यापासून करतात. रंग, फोटो, हलणारी चित्रे. आमच्या मते हा उलटा क्रम आहे. पान तयार करण्याची एचटीएमएल भाषा आठवड्या-दोन आठवड्यांत कळते. खरा जीव डेटाबेसमध्ये असतो, आणि डेटाबेस म्हणजे शिस्तीत ठेवलेल्या वह्या. एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने 1970 साली मांडलेली कल्पना आजही तशीच चालते: माहिती तक्त्यांत ठेवा, एक गोष्ट एकाच जागी लिहा, आणि तक्ते एकमेकांना क्रमांकाने जोडा.

समजा, इतवाऱ्यातील एक कारागीर कुर्ते शिवतो. त्याची पहिली वही मालाची: कुर्त्याचा क्रमांक, नाव, कापड, भाव. पण तोच कुर्ता 38, 40, 42 अशा मापांत आणि तीन रंगांत असतो, म्हणून शिल्लक नगांची वही वेगळी ठेवावी लागते. तिच्यात कुर्त्याचा क्रमांक, माप, रंग आणि शिल्लक एवढेच. नाव पुन्हा लिहायचे नाही. नाव नऊ ठिकाणी लिहिले की एका ठिकाणी बदल करायचा राहून जातो आणि घोटाळा सुरू होतो.

तिसरी वही ग्राहकांची. येथे नवशिके हमखास फसतात, कारण ते नावावरून माणूस ओळखू पाहतात. आपल्याकडे एका गल्लीत तीन शेख अहमद असतात, आणि एकच रफिक कधी ऱ्हस्व तर कधी दीर्घ लिहिला जातो. म्हणून प्रत्येक ग्राहकाला डेटाबेसने स्वतःचा क्रमांक द्यावा, आणि ओळख पटवायला मोबाइल नंबर घ्यावा. पत्त्याचेही तसेच. ‘मशिदीच्या मागे, पिठाच्या गिरणीजवळ’ हा पत्ता आपल्या पोस्टमनला कळतो, लुधियानाच्या कुरिअरवाल्याचा तसाच पत्ता आपल्याला कळत नाही. 1972 पासून चालत आलेला सहा आकड्यांचा पिनकोड, नांदेडचा 431601, लातूरचा 413512, स्वतंत्र रकान्यात सक्तीने घ्यावा आणि पोहोचवण्याचा खर्च त्यावरूनच काढावा.

चौथी वही ऑर्डरची आणि पाचवी ऑर्डरमधील ओळींची. दोन कशाला? एका ऑर्डरमध्ये तीन कुर्ते आणि एक टोपी असू शकते. ऑर्डर एक, ओळी चार. या ओळींत त्या दिवशीचा भाव उतरवून ठेवणे फार गरजेचे आहे. ‘एक गोष्ट एकाच जागी’ या नियमाला हा अपवाद वाटेल, पण तो नाही. मालाच्या वहीत आजचा भाव असतो, ऑर्डरच्या ओळीत विकलेला भाव. रमजानमध्ये भाव बदलला आणि जुनी बिलेही नव्या भावाने दिसू लागली, तर हिशेबनिसासमोर आणि कर खात्यासमोर काय सांगणार? रुपये-पैसे ठेवण्यासाठी दशांशाचा ‘डेसिमल’ प्रकार वापरावा. ‘फ्लोट’ प्रकारात पैशांची बेरीज कधी कधी किंचित चुकते, आणि व्यापाऱ्याच्या वहीत किंचितही चालत नाही.

चांदरातीचा शेवटचा नग

वह्या झाल्या की त्या हलवणारी भाषा शिकावी. पीएचपी आणि मायएसक्यूएल या दोन्ही गोष्टी 1995 साली जगासमोर आल्या, दोन्ही फुकट मिळतात, आणि स्वस्तातल्या होस्टिंगवरही चालतात. घरच्या संगणकावर ‘झॅम्प’ नावाचे मोफत पॅकेज टाकले की इंटरनेट नसतानाही सराव होतो. जुन्या बाजारातून घेतलेल्या पुस्तकांपासून मात्र जपून राहावे. त्यांत डेटाबेसशी बोलण्यासाठी दिलेले ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ हे फंक्शन 2015 च्या पीएचपी 7 पासून काढून टाकले आहे. आज पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय शिकावे.

आता चांदरातीचा प्रसंग पाहा. 42 मापाचा पांढरा कुर्ता एकच उरला आहे. परभणीचा एक आणि पतियाळ्याचा एक असे दोन ग्राहक एकाच क्षणी बटण दाबतात. प्रोग्राम आधी शिल्लक वाचत असेल आणि मग वजा करत असेल, तर दोघांनाही ‘एक शिल्लक’ दिसेल आणि एक कुर्ता दोघांना विकला जाईल. उपाय असा की वाचणे आणि वजा करणे एकाच आज्ञेत घ्यायचे: शिल्लक एक किंवा अधिक असेल तरच एक वजा कर. मग खरोखर एक ओळ बदलली का ते विचारायचे. बदलली नसेल तर ग्राहकाला नम्रपणे ‘माल संपला’ सांगायचे. शिल्लक घटवणे, ऑर्डर लिहिणे आणि ओळी लिहिणे ही सर्व कामे एका ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये बांधावी. सर्व झाले तर झाले, मध्येच वीज गेली तर काहीच झाले नाही असे समजले जाते. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी तक्ते इनोडीबी प्रकारचे लागतात. मराठवाड्यातल्या लोडशेडिंगची सवय असलेल्याला ट्रान्झॅक्शनचे महत्त्व जास्त समजवावे लागू नये.

लबाडीचाही विचार करावा लागतो. ग्राहकाच्या पानावरून आलेल्या भावावर कधीही विश्वास ठेवू नये. थोडी माहिती असलेला माणूस 900 च्या जागी 9 लिहून पाठवू शकतो. पानावरून फक्त मालाचा क्रमांक आणि नग घ्यावेत, भाव आपल्या वहीतून वाचावा. ग्राहकाने लिहिलेले नाव-पत्ता जसेच्या तसे आज्ञेत चिकटवू नये. गोव्याच्या एखाद्या डि’सूझांच्या नावातील चिन्हानेही आज्ञा मोडते, आणि बदमाश माणूस तेथूनच सगळी वही उघडतो. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ वापरले की हा धोका टळतो. पासवर्ड साधा लिहून ठेवू नये. पीएचपीत ‘पासवर्ड_हॅश’ नावाची तयार सोय आहे. कार्डाचा नंबर तर आपल्याकडे ठेवायचाच नाही. ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला तो साठवता येत नाही.

पैशाच्या बाबतीत आपल्या बाजारात एक नवी फसवणूक सर्वांना माहीत आहे: यूपीआयचा खोटा स्क्रीनशॉट. ऑनलाइन दुकानातही त्याचे भावंड आहे. ‘पैसे मिळाले, धन्यवाद’ हे पान ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उघडले म्हणजे पैसे आले असे नव्हे. पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवतो, त्यावर सही असते. ती तपासूनच ऑर्डर ‘भरणा झाला’ अशी नोंदवावी. यूपीआयवरील मर्चंट शुल्क जानेवारी 2020 पासून शून्य असले तरी गेटवे कंपन्या आपली फी लावू शकतात, करार नीट वाचावा.

शिकणारा विचारेल की वूकॉमर्ससारखे तयार दुकान मोफत मिळत असताना एवढी मेहनत कशाला? प्रश्न रास्त आहे. वूकॉमर्सही पीएचपी आणि मायएसक्यूएलवरच चालते. उद्या धंदा वाढला तर खुशाल ते वापरावे. पण आधी हाताने एक लहान दुकान बांधलेल्याला तयार दुकान बिघडले तर कुठे पाहायचे ते कळते. बाकीच्यांना दर वेळी पुण्या-हैदराबादच्या माणसाला फोन करावा लागतो, आणि तो सांगेल ते पैसे द्यावे लागतात.

कराकडे दुर्लक्ष केले तर हे सर्व शिकून उपयोग नाही. मालाची विक्री महाराष्ट्रातच असेल आणि उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. पण नांदेडहून करपात्र माल अमृतसरला पाठवला की तो आंतरराज्य व्यवहार होतो आणि नोंदणी सक्तीची ठरते, मग विक्री एका कुर्त्याची का असेना. अधिसूचनेत नाव असलेल्या हस्तकला वस्तूंना काही अटींवर सवलत आहे; आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे दुकान उघडण्यापूर्वी करसल्लागाराकडून पाहून घ्यावे. मोठ्या कंपन्यांच्या बाजारात विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना ऑक्टोबर 2023 पासून राज्याच्या आतील विक्रीपुरती सूट मिळाली आहे. लातूरच्या वाचकांसाठी वेगळी गोष्ट अशी की जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोली चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डाळ-चिंचेच्या व्यापाऱ्याला नावाने मागणी येण्याची ही संधी आहे, मात्र खाद्यपदार्थ विकताना अन्न सुरक्षा परवान्याचा नंबर दुकानाच्या पानावर हवा.

शिकण्याची सुरुवात संगणकाशिवायही होते. गेल्या दोन महिन्यांची बिले काढा, आणि वर सांगितलेल्या पाच वह्या कागदावर आखून त्यांत भरा. जेथे एखादी नोंद कोठे लिहावी ते कळणार नाही, तेथेच डेटाबेसचा खरा धडा आहे. दुकान सुरू झाल्यावर रोज रात्री सगळ्या वह्यांची एक नक्कल काढून होस्टिंगच्या बाहेर, घरच्या पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती नक्कल घरच्या संगणकावर उघडून पाहावी.