सुलट, उलट आणि काही गैरसमज

विणकामाची पूर्वी हेटाळणी व्हायची, आता त्याचे गोडवे गायले जातात. 'रिकामा उद्योग' म्हणणारे कमी झाले आणि त्यांच्या जागी नवे सल्लागार आले: विणा, म्हणजे ताण पळेल, रक्तदाब उतरेल, म्हातारपणी स्मरणशक्ती शाबूत राहील. हेटाळणीने या छंदाचे फारसे बिघडले नाही. विणणारे विणतच राहिले. कौतुकाने मात्र बिघडू शकते. औषध समजून सुया हाती घेणारा माणूस आठवड्याभरात गुण शोधू लागतो, आणि तो दिसला नाही की लोकरीचा गुंडा माळ्यावर जातो. कानटोपी, मफलर, मोजे असल्या लहान उबदार वस्तू विणण्यात विसावा आहे, यात शंका नाही. पण तो जिथून येतो असे सांगितले जाते, तिथून तो बहुधा येत नाही.

आधी पुरावा पाहू. हातकामाने कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक 75 टक्क्यांनी घटते, असे वाक्य वारंवार कानी पडते. त्याचे मूळ अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या 2016 च्या एका छोट्या अभ्यासात असावे. त्यात 39 प्रौढांनी पाऊण तास माती, रंगीत पेन आणि कागदी चिकटकाम यांत घालवला आणि त्यातल्या सुमारे 75 टक्के लोकांचे कॉर्टिसॉल कमी झालेले आढळले. किती जणांचे घटले याचा तो आकडा. किती घटले याचा नव्हे. शिवाय विणकाम त्यात नव्हतेच, आणि नुसते स्वस्थ बसून राहिलेल्यांचा तुलनेसाठी गटही नव्हता. 2011 मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी सत्तरी ते नव्वदीच्या दरम्यानच्या 1,300 हून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. विणकाम, गोधडीकाम असे काही करणाऱ्यांत सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण कमी दिसले. पण विणल्यामुळे स्मृती टिकली, की स्मृती टिकली म्हणून विणणे जमत राहिले, हे अशा पाहणीतून कळत नाही. विणकामावरचाच म्हणावा असा मोठा अभ्यास 2013 चा, ब्रिटनमधल्या एका व्यवसायोपचार नियतकालिकातला. साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली, आणि जे जास्त वेळा विणतात त्यांनी आपल्याला अधिक शांत वाटते असे सांगितले. आता, आवडीने विणणाऱ्यांनाच विचारल्यावर दुसरे उत्तर कोण देणार, हा आक्षेप रास्त आहे. तरी मी हा अभ्यास निकालात काढणार नाही. रक्तदाबाबद्दल माणसाचा शब्द चालत नाही, यंत्र लागते; पण शांत वाटते की नाही, याला त्या माणसापेक्षा चांगला साक्षीदार कुठून आणायचा? एवढेच की या साक्षीतून 'विणणाऱ्यांना बरे वाटते' इतके सिद्ध होते, 'विणल्याने आजार बरा होतो' हे होत नाही. नैराश्य किंवा सततची चिंता असेल तर सुया डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाहीत.

बरे वाटते ते का, याचा अंदाज मात्र कामाच्या घडणीवरून बांधता येतो. सगळे विणकाम दोनच टाक्यांवर उभे आहे, सुलट आणि उलट. बाकीच्या जाळ्या, वेण्या, नक्ष्या ही त्यांचीच उलटापालट. हाताला वळण पडले की लक्षाचा थोडाच भाग कामात गुंततो आणि उरलेला मोकळा राहतो. गप्पा मारता येतात, गाणी ऐकता येतात, पण फोन मात्र हातात घेता येत नाही. (माझ्या मते निम्मा विसावा इथेच आहे.) आणि चूक झाली तर टाका उसवून पुन्हा घालता येतो, शिवणात कापड चुकीचे बेतले की संपले, इथे तसे नाही. हाताला आधी वळण पडावे लागते, यावरूनच एक गैरसमज निकालात निघतो: की विणायला बसले की पहिल्या दिवसापासून मन शांत होते. वळण पडेपर्यंत टाके निसटतात, ओळीगणिक त्यांची संख्या बदलते, बोटे आखडतात, चिडचिड होते. सुई घट्ट धरून तासन्‌तास विणले तर मनगट आणि अंगठाही दुखतो. मध्येमध्ये हात मोकळे करणे हा कामाचाच भाग समजावा.

म्हणून पहिली वस्तू कोणती, याला महत्त्व येते. नवशिक्याला सर्रास मफलर सुचवला जातो, सोपा म्हणून. हिशेब वेगळे सांगतो. मध्यम जाड लोकरीत 10 सेंटिमीटर रुंदीत साधारण 20 टाके बसतात. 15 सेंटिमीटर रुंद मफलरला 30 टाके लागतील. सगळ्या ओळी सुलट घातल्या तर 10 सेंटिमीटर उंचीला सुमारे 40 ओळी, म्हणजे दीड मीटरला 600. एकूण टाके 18,000. मोठ्या माणसाच्या टोपीला 100 टाके आणि पन्नास-पंचावन्न ओळी, शेंड्याकडे टाके कमी होत जातात ते धरून जेमतेम 5,000. मफलर सोपा आहे, पण टोपीच्या तिपटीहून जास्त लांबणारा आहे, आणि अर्धवट राहिलेल्या विणकामांत त्याचा भरणा का असतो ते यावरून समजावे. स्वेटरला तर टोपीच्या आठ-दहा पट लोकर लागते. सुया घेताना आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते: आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 12 नंबर म्हणजे 2.75.

आता उबेबद्दल. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, म्हणून कानटोपी सगळ्यात महत्त्वाची, असे मानतात. अमेरिकी लष्कराच्या 1970 च्या एका पुस्तिकेत 40 ते 45 टक्के हा आकडा होता, आणि 2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखाने त्याचा समाचार घेतला. प्रौढाचे डोके शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सासुद्धा जेमतेम असते, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. मग आजीची कानटोपी निरुपयोगी? मुळीच नाही. बाकी अंग झाकलेले असताना उघडे राहते ते डोकेच, कान लवकर गारठतात, आणि तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने त्याचे टोपडे तर अगदीच सकारण आहे. सर्दी मात्र विषाणूने होते. टोपी तिला अडवत नाही. तशीच 'जितकी घट्ट वीण तितकी ऊब' ही समजूत. ऊब देते ती टाक्यांत आणि तंतूंत अडकलेली स्थिर हवा. फार घट्ट विणले तर वस्तू पुठ्ठ्यासारखी होते आणि हवेला जागा उरत नाही. फार सैल विणले तर वारा आरपार जातो.

धाग्याबद्दल लोकांची मते टोकाची असतात. दुकानात लोकर म्हणून मिळते ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. त्यात कमीपणा काही नाही: स्वस्त, यंत्रात धुता येणारे, रंगाला पक्के. फरक ओलाव्यात पडतो. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषूनही ओली लागत नाही. ॲक्रिलिक एक-दोन टक्केच शोषते. लोकर टोचते त्याला अनेक जण ॲलर्जी म्हणतात, पण बहुधा कारण जाडीचे असते. सुमारे 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात. बारीक मेरिनो 20 च्या आतबाहेर असते, ती बोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, म्हणून तिची घोंगडी होते, आणि घोंगडी मागावरची, सुयांवरची नव्हे.

विणकाम हे बायकांचे काम, हा समज इतिहासाला धरून नाही. युरोपात सतराव्या शतकापर्यंत सुयांवर विणणाऱ्यांचे व्यावसायिक संघ पुरुषांचे होते, आणि पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या आजही पुरुषच विणतात. त्या कलेची युनेस्कोने दखल घेतली आहे.

राहतो तो रोकडा आक्षेप: शंभर-दोनशे रुपयांत तयार टोपी मिळते, शिवाय महाराष्ट्रात थंडी कितीशी? थंडीचे उत्तर निफाडकडे आहे, जिथे डिसेंबर-जानेवारीत पारा पाचाच्याही खाली जातो. आणि टोरांटोत राहणाऱ्या लेकीला तर हा प्रश्नच पडणार नाही. पैशांचा हिशेब मात्र मान्य करावा. वेळेची किंमत धरली तर हाताने विणलेली टोपी कधीच स्वस्त पडत नाही, आणि काटकसर म्हणून विणायला बसणाऱ्याची निराशाच होईल. पण शब्दकोडे सोडवणाऱ्याला उत्तरे विकून किती मिळाले, असे कोणी विचारत नाही. टोपीला 50 ग्रॅमच्या आसपास धागा लागतो. नाही जमली तर ती उसवायची, धागा वाफेवर किंवा पाण्यात सरळ करून त्याचा गुंडा करायचा आणि पुन्हा टाके घालायचे. अपवाद गरम पाण्यात आटून नमद्यासारख्या झालेल्या खऱ्या लोकरीचा. ती उसवत नाही.