तिरक्या अक्षरांचा मान

रे रोडच्या वखारीत साग हा नुसता साग असतो. माझ्या टेबलावर आला की त्याचं ‘टेक्टोना ग्रँडिस’ होतं आणि त्या नावाखाली मी लाल शाईनं एक सरळ रेघ मारते. सरळ रेघ म्हणजे इटालिक, नागमोडी म्हणजे जाड टाइप; प्रुफं तपासणाऱ्यांची ही जुनी खूण. वनस्पतींची शास्त्रीय नावं रोमन लिपीत तिरकी छापतात. पण पुढचं ‘एल. एफ.’, म्हणजे नाव ठेवणारा धाकटा लिनियस, सरळच राहतो. नवा ऑपरेटर हमखास तिथंच घसरतो.

जहाजांचंही तसंच. जुनी ‘विक्रांत’ २०१४ साली मोडीत निघाली ती आमच्या शेजारीच, दारूखान्यात. इंग्रजी मजकुरात तिचं ‘आयएनएस’ सरळ आणि ‘विक्रांत’ तेवढं तिरकं. पुस्तकांची नावं, खटल्यांची नावं, परभाषेतले शब्द यांनाही हाच मान.

इटालिक म्हणजे सरळ अक्षर जरा कलतं केलेलं, असं पुष्कळांना वाटतं. साफ चूक. टाइम्स न्यू रोमनमध्ये इंग्रजीचा छोटा ‘ए’ काढा. सरळ टाइपात त्याच्या डोक्यावर छत्रीच्या मुठीसारखा बाक असतो. इटालिक केलं की बाक जातो आणि आपण हातानं लिहितो तसा एकपोटी ‘ए’ उरतो. ‘एफ’चं शेपूट ओळीखाली उतरतं. ‘एन’च्या पायातली आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, जाऊन शेवटी लेखणीचा हलका झटका येतो. मुळात हे हाताचंच वळण. व्हेनिसच्या आल्डस मानुतियसनं १५०१ साली व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक काढलं, ते अख्खं या टाइपात. टाइप कोरला फ्रान्चेस्को ग्रिफोनं, आणि त्यातली कॅपिटल अक्षरं चक्क सरळ होती! सरळ मजकुरात मधेच एखादा शब्द तिरका, ही रीत नंतरची.

मराठीत मात्र संगणकावर इटालिकचं बटण दाबलं की बहुतेक फाँटांत अक्षराला नुसता धक्का बसतो. शिरोरेघ जागच्या जागी, काने कलंडलेले, रफार आणि मात्रा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. वळण तेच. आपलं खरं धावतं वळण म्हणजे मोडी, हात फारसा न उचलता लिहायची. तिचे खिळेसुद्धा पडले होते: विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली बंगालातल्या श्रीरामपूरला छापला, त्यात मराठी शब्द मोडीत आहेत. मग बाळबोध ओळीत जहाजाचं नाव मोडीत का देऊ नये? कारण इटालिक वाचताना इंग्रजी वाचक अडखळत नाही, आणि मोडी आज हजारात एखाद्यालाही लागायची नाही.

म्हणून मराठी प्रुफात मी जहाजाला एकेरी अवतरणचिन्हं देते. लेखकानं फारच हट्ट धरला तर खाली नागमोडी रेघ.