सरोवराच्या तळाचं सोनं

सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे अमेरिकेतला लेबर डे. मिशिगन सरोवराकाठच्या ग्रँड हेवन, हॉलंड अशा चौपाट्यांवरचा पोहण्याचा हंगाम तिथे सरतो. मग रिकाम्या किनाऱ्यावर वेगळीच मंडळी दिसू लागतात. कानांवर हेडफोन, एका हातात मेटल डिटेक्टर आणि दुसऱ्या हातात पाणी निथळायला भोकं पाडलेलं, लांब दांड्याचं पोलादी खोरं. कमरेइतक्या पाण्यात पट्टे आखल्यासारखी ती सावकाश फिरत असतात. त्यांना हव्या असतात उन्हाळाभर लोकांच्या बोटांतून निसटलेल्या अंगठ्या.

गार पाण्यात बोटं आकसतात, सनस्क्रीनने ती बुळबुळीत झालेली असतात आणि चेंडू फेकताना हाताला झटका बसतो. तेवढ्यात अंगठी जाते. पाण्याच्या तुलनेत वाळूच्या कणांची घनता २.६५, तर शुद्ध सोन्याची १९.३, अमेरिकेत सर्रास चालणाऱ्या १४ कॅरटचीही १३ च्या आसपास. त्यामुळे अंगठी सैल वाळूत खाली खाली जाते आणि चिकणमातीचा किंवा खड्यांचा घट्ट थर लागला की थांबते. समुद्रासारखी भरती-ओहोटी इथे नाही; महासरोवरांतली भरती पाच सेंटिमीटरही भरत नाही. मिशिगन राज्यातल्या अकरा हजारांवर लहान तळ्यांत तर मोठ्या लाटाही नाहीत. शिवाय सोनं गंजत नाही. म्हणून पडलेली अंगठी बहुधा पडल्या जागेच्या आसपासच असते, कित्येक वर्षांनंतरही.

कधी सरोवर स्वतःच मागे सरतं. मिशिगन आणि ह्युरॉन या जोडलेल्या सरोवरांची पातळी ऑक्टोबर १९८६ मध्ये उच्चांकावर होती, जानेवारी २०१३ मध्ये नीचांकावर. फरक सुमारे १.९ मीटरचा! एकेकाळी जिथे लोक पोहत होते, तिथे कोरड्या पायांनी हिंडता येऊ लागलं. अशा जुन्या जागी १९६४ पर्यंतची नाणी मिळाली तर शोधणारा खूश होतो, कारण तोवरच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी असे.

मेटल डिटेक्टरचा एक पूर्वज १८८१ चा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतचुंबकीय उपकरण वापरलं. डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. तत्त्व आजही तेच आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडायचं, त्याने धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद वेटोळं टिपतं. खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यामुळे समुद्रात यंत्र गोंधळतं. गोड्या पाण्यात हा त्रास जवळजवळ नाही.

खरा त्रास ॲल्युमिनियमचा. १९६० च्या दशकात शीतपेयांच्या डब्यांना ओढून काढायच्या कड्या आल्या. १९७५ च्या सुमारास डब्यालाच चिकटून राहणारी कडी निघाली, पण तोवर फेकलेल्या असंख्य कड्या वाळूत राहिल्या. यंत्र धातूच्या प्रतिसादानुसार पडद्यावर जो आकडा दाखवतं, तो या कड्यांसाठी नेमका सोन्याच्या अंगठीजवळ येतो. कड्या टाळायच्या म्हटलं तर सोनंही टळतं. त्यामुळे सोनाराच्या दुकानातला केर धुणाऱ्या झारेकऱ्यासारखं सगळंच उपसून पाहावं लागतं.

आपल्या दागिन्यांचा हिशेब थोडा वेगळा. सोनं जितकं शुद्ध, तितकं ते वीज चांगलं वाहतं. त्यामुळे मिशिगनमधल्या मराठी घरातली २२ कॅरटची अंगठी तेवढ्याच आकाराच्या १४ कॅरटच्या अंगठीपेक्षा वरचा आकडा दाखवते. मंगळसूत्र मात्र अवघड. नाजूक साखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी आणि चिमुकली दिसते, काळे मणी तर मुकेच. बोलल्या तर वाट्याच बोलतात.

सापडलेलं सगळं आपलं, असा हा खेळ नाही. स्लीपिंग बेअर ड्यून्ससारख्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या किनाऱ्यांवर मेटल डिटेक्टर बाळगायलाच बंदी आहे. १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याने संघराज्याच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना संरक्षण दिलं. राज्याच्या उद्यानांचे नियम निराळे, म्हणून आधी विचारून घेणं बरं. पण मालक शोधून वस्तू परत करण्यातच अनेकांना रस असतो. त्यात सोपी ती शाळा-कॉलेजची ‘क्लास रिंग’. ही प्रथा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८३५ मध्ये सुरू झाली. संस्थेचं नाव आणि वर्ष अंगठीवरच असतं, पुष्कळदा आतून आद्याक्षरंही. शाळेला एक फोन केला की धागा लागतो.

मग आपलीच अंगठी तळ्यात पडली तर? घाबरून पायांनी तळ ढवळू नका; त्याने ती आणखी खोल जाते. जागीच उभं राहून काठावर एकामागे एक दिसणाऱ्या पक्क्या खुणांच्या दोन जोड्या हेरा: एका दिशेला झाड आणि त्यामागचं घर, दुसऱ्या दिशेला खांब आणि त्यामागचं झाड. दोन्ही जोड्यांच्या रेषा जिथे छेदतात, ती जागा. पाणी कुठवर होतं, तेही लिहून ठेवा. शोधायला येणाऱ्याला महागड्या यंत्राइतकाच या टिपणाचा उपयोग होतो, कारण अख्ख्या किनाऱ्याऐवजी त्याला खोलीभर जागा तपासावी लागते.