विष्णुपंत पागनीस : एका चेहऱ्याची कथा

पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि चाकणच्या वाटेवरील मालमोटारींची वर्दळ यांच्या शेजारींच इंद्रायणीकांठीं देहू वसलें आहे. त्या गांवच्या तुकोबांचें नांव घेतांच पुष्कळ मराठी घरांत जो चेहरा मनश्चक्षूंपुढें उभा राहतो, तो मात्र विसाव्या शतकांतील एका नटाचा, विष्णुपंत पागनिसांचा आहे.

पागनिसांचा जन्म 1892 सालचा, चिकोडीचा. बालवयांतच ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळींत शिरले आणि स्त्रीभूमिका करूं लागले. पुरुषांनींच नायिका व्हावयाचें, असा तो काळ. चाल, नजर, हाताची ठेवण, सारेंच नाजूक करावें लागे. आणि अंगीं मुरलेली अशी लकब सहजीं सुटत नाहीं. म्हणूनच 1936 सालीं 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठीं त्यांचें नांव निघालें, तेव्हां त्या निवडीविषयीं प्रथम साशंकता होती.

दामले आणि फत्तेलाल हे दिग्दर्शक, कथा शिवराम वाशीकरांची. रंगभूमीवरील नटास शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकापर्यंत पोंचावें लागतें. कॅमेरा हातभर अंतरावरून पाहतो. पागनिसांनीं हें ओळखलें. त्यांचा तुकाराम बोलतो हळू, हातवारे जवळजवळ करीतच नाहीं. केशवराव भोळ्यांच्या चालींनाहि तानांचा सोस नाहीं. शांताराम आठवल्यांनीं चित्रपटाकरितां नवा रचलेला एक अभंग तर कित्येकांना तुकोबांचाच वाटला! आणि गौरीची ती तोंडाळ, कष्टाळू आवली समोर नसती, तर पागनिसांची शांति इतकी उठून दिसली असती काय? मला शंका आहे. पोरांच्या भुकेचा सवाल ती विचारते, म्हणूनच त्याच्या भक्तीला वजन येतें.

मुंबईस हा बोलपट एकाच चित्रपटगृहांत 57 आठवडे चालला. 1937 सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

पागनिसांना मात्र या यशाची किंमत द्यावी लागली. तुकारामाच्या वेषांतील त्यांची छबी चौकटींत बसून देवघरांत गेली. ज्याला लोक हात जोडतात, त्या नटाला खलनायक वा विनोदी पात्र कोण देणार? 1939 सालीं 'संत तुलसीदास', 1940 सालीं 'नरसी भगत'. पुन्हां संत, पुन्हां भजन. एके काळीं नायिका रंगविणारा हा नट दुसऱ्या कोणत्या पुरुषी भूमिका करूं शकला असता, हें पडद्यानें कधीं अजमावलेंच नाहीं. 1943 सालीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, ते वारले.